एक प्रांत, एक धनी : सामुराई-युद्धाचा संगणकीय पट आणि गोदाकाठचा दुअंमल

१

युद्धाचा खेळ करून पाहण्याची मनुष्याची हौस फार जुनी आहे. चतुरंगापासून आजच्या संगणकीय युद्धखेळांपर्यंत तिची परंपरा अखंड दिसते. ह्या परंपरेतील अगदी अलीकडचा आणि तरुण पिढीत लोकप्रिय झालेला प्रकार म्हणजे जपानच्या सामुराईंवर आधारलेला डावपेचांचा युद्धखेळ होय. सोळाव्या शतकातील जपान पडद्यावर मांडलेला असतो. खेळाडू एका सरदार-घराण्याचे नेतृत्व पत्करतो, प्रांतामागून प्रांत जिंकतो आणि अखेरीस शोगुनपद मिळवतो. परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या, कापसाच्या बाजारपेठेमुळे नावारूपास आलेल्या तालुक्याच्या गावी बसलेला विद्यार्थीही आज हा डाव मांडू शकतो. ओदा, ताकेदा, उएसुगी ही नावे त्याच्या तोंडी सहज असू शकतात.

केवळ करमणूक म्हणून ह्या खेळाकडे पाहिले तर इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेण्याचे कारण उरत नाही. परंतु असा खेळ हा इतिहासाविषयीचा एक सिद्धान्तही असतो. सत्ता म्हणजे काय, ती कशाने मोजावी, युद्ध कशासाठी होते आणि विजय कशाला म्हणावे, ह्या प्रश्नांची उत्तरे खेळाच्या नियमांत आधीच देऊन ठेवलेली असतात. खेळाडू ती वाचत नाही, ती आचरतो. म्हणूनच ती त्याच्या मनात पाठ्यपुस्तकातील विधानांपेक्षा अधिक खोल रुजतात. ह्या उत्तरांपैकी एकाची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते उत्तर असे : प्रत्येक प्रांताला एका वेळी एकच धनी असतो. हे गृहीतक सोळाव्या शतकातील जपानला कितपत लागू पडते, आणि ज्या भूमीत मानवत वसले आहे त्या गोदाखोऱ्याच्या अठराव्या शतकातील इतिहासाला ते लावून पाहिले तर काय दिसते, ह्या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

२

प्रथम खेळाची वंशावळ व रचना पाहणे इष्ट होईल. लष्करी शिक्षणासाठी युद्धखेळाचा पद्धतशीर उपयोग प्रशियात सुरू झाला. राइसवित्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तो सिद्ध केला आणि १८२४ मध्ये पुत्राने त्याचे नियम प्रसिद्ध केले. ह्या खेळात चतुरंगाच्या घरांऐवजी प्रमाणबद्ध नकाशा आला आणि निकाल ठरविण्यासाठी फासे व पंच आले. अमेरिकेत १९५४ मध्ये चार्ल्स रॉबर्ट्स ह्याने सर्वसामान्य ग्राहकांसाठी असाच पटावरील युद्धखेळ विक्रीस आणला, आणि तेथून हा प्रकार घरोघरी पोहोचला. संगणक आल्यावर पंचाचे काम यंत्राने उचलले. जपानमध्ये १९८३ साली कोएई ह्या संस्थेने ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ ह्या अर्थाच्या नावाचा खेळ काढला. सरदाराने प्रांताचे धान्य, द्रव्य, कर, पूरनियंत्रण व प्रजेची निष्ठा सांभाळीत युद्धे करावयाची, ही त्याची कल्पना होती. पुढे २००० साली इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली ह्या संस्थेचा ‘शोगुन : टोटल वॉर’ प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

‘शोगुन’ची रचना दुपदरी आहे. वरच्या पदरात जपानचा प्रांतवार नकाशा असतो. २००० सालच्या खेळाचा प्रारंभ १५३० मध्ये होतो. वर्षाचे चार ऋतू म्हणजे चार पाळ्या असून शिमाझू, मोरी, ओदा, ताकेदा, इमागावा, उएसुगी व होजो अशी सात घराणी रिंगणात असतात. शरद ऋतूत सुगीचा कर जमा होतो व त्यातून सैन्य उभारावयाचे असते. दोन सैन्ये एका प्रांतात समोरासमोर आली म्हणजे दुसरा पदर उघडतो. तेथे डोंगरउतार, पाऊस, धुके, तिरंदाज, भालाईत व घोडेस्वार ह्यांचा मेळ घालून प्रत्यक्ष लढाई चालवावी लागते, आणि सैनिकांचे धैर्य खचले तर ते संख्येने अधिक असूनही पळ काढतात.

ह्या रचनेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. सैन्य पोटावर चालते, ही गोष्ट हा खेळ प्रत्येक पाळीला शिकवितो. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर आलेल्या बंदुकीने युद्धतंत्र कसे पालटले, हेही त्यात प्रत्ययास येते. नागाशिनोच्या १५७५ मधील लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी ताकेदांच्या प्रसिद्ध घोडदळास कसे रोखले असेल, ह्याची कल्पना अनेक विद्यार्थ्यांना वर्णन वाचून येणार नाही इतकी तो डाव खेळून येते. आक्षेप आहे तो वरच्या पदरावर, म्हणजे नकाशावर. तेथे प्रत्येक प्रांताला एक रंग आहे. प्रांत जिंकला की रंग पालटतो, आणि त्या क्षणापासून त्याचे सर्व उत्पन्न नव्या धन्याचे होते. पहिल्याची तेथे खूणही उरत नाही.

३

खेळात उत्पन्न ‘कोकू’ ह्या मापाने मोजले जाते. कोकू म्हणजे तांदळाचे सुमारे १८० लिटरचे माप. एका माणसाला वर्षभर पुरेल इतके धान्य, अशी त्याची ढोबळ कल्पना आहे. प्रत्येक प्रांताचे कोकू ठरलेले, प्रत्येक घराण्याचे बळ कोकूंनी तोललेले. हे माप अस्सल जपानी असल्यामुळे खेळाला ऐतिहासिकतेचा रंग येतो. परंतु नेमक्या ह्याच ठिकाणी कालविपर्यास घडला आहे.

१५३० च्या सुमारास सर्व जपानभर कोकूत बांधलेली अशी एक आकारणी अस्तित्वात नव्हती. ओदावाराच्या होजो घराण्यासारखे प्रबळ सरदार आपल्या मुलखाची आकारणी धान्यात न करता नाण्यांत करीत. तिला कान्दाका म्हणत. मापेही प्रदेशपरत्वे भिन्न होती. कोकूची पद्धती देशव्यापी झाली ती तोयोतोमी हिदेयोशीच्या मोजणीमुळे. १५८२ मध्ये नोबुनागाचा अंत झाल्यानंतर हिदेयोशीने ही मोजणी हाती घेतली, आणि १५९८ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत ती चालू राहिली. ताइको केन्ची ह्या नावाने ती ओळखली जाते. तिने धान्याचे माप एक केले, जमिनीची प्रतवारी लावली आणि प्रत्येक शेतासमोर कर देण्यास जबाबदार असा एकच कसणारा लिहिला. १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील शस्त्रे काढून घेण्यात आली. गृहयुद्धाचे शतक मिटविणाऱ्या राज्यव्यवस्थेचे हे दप्तर होय. खेळाने तेच दप्तर गृहयुद्धाच्या आरंभी प्रत्येक सरदाराच्या हाती ठेवले आहे. ज्या गोष्टीसाठी शतकभर झगडा चालला, ती पहिल्याच पाळीला सिद्ध झालेली असते.

त्या दप्तरापूर्वी काय होते? मध्ययुगीन जपानच्या जहागिरींत, म्हणजे शोएनांत, एकाच जमिनीवर हक्कांचे अनेक थर असत. ह्या हक्कांना शिकी म्हणत. राजधानी क्योतोमधील आश्रयदाते घराणे किंवा मठ, त्याखालील धनी, स्थानिक व्यवस्थापक, कामाकुराच्या शोगुनशाहीने नेमलेला जितो, आणि खाली प्रत्यक्ष कसणारे, ह्या प्रत्येकाचा उत्पन्नात ठरावीक हिस्सा असे. हा हिस्सा वारसाने जाई, विकला जाई, त्याची वाटणीही होई. १३५२ मध्ये मुरोमाची शोगुनशाहीने ओमी, मिनो व ओवारी ह्या तीन प्रांतांतील लष्करी अधिकाऱ्यांना सैन्याच्या खर्चासाठी जहागिरींचे अर्धे उत्पन्न घेण्याची मुभा दिली. हान्झेई म्हणून प्रसिद्ध असलेली ही तात्पुरती व्यवस्था पुढे विस्तारत व कायम होत गेली. पूर्वीचा धनी नाहीसा होत नाही आणि नवा धनी त्याच्याच गावात अर्धा वाटेकरी होतो, हे तिचे स्वरूप मराठी वाचकास परके वाटू नये.

सोळाव्या शतकातील जपानच्या सीमाप्रदेशांत तर याहूनही बोलका प्रकार आढळतो. दोन शत्रुसरदारांच्या कात्रीत सापडलेली गावे उभय पक्षांशी बोलणे करून प्रत्येकास अर्धा कर देत आणि त्या मोबदल्यात दोन्हीकडील लुटीपासून अभय मिळवीत. आजच्या टोकियोच्या आखाताच्या काठी होजो व सातोमी ह्यांच्या झगड्यात अशी गावे होती. ह्या व्यवस्थेला हान्ते, म्हणजे ‘अर्धा हात’, असे म्हणत. खेळाच्या नकाशावर अशा गावाला रंग देता येत नाही. सारांश, एक प्रांत एक धनी हे सूत्र सामुराईंच्या युद्धकालाचे वर्णन करीत नाही. ते त्या युद्धकालाच्या समाप्तीचे वर्णन आहे.

४

आता मानवतच्या परिसराकडे वळू. मानवतचा शेजार म्हणजे पाथरी. अकबराच्या कारभाराचे वर्णन करणाऱ्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पाथरीची नोंद आहे. त्यापूर्वीच्या काळातही पाथरीने राजकारणात आपल्या आकाराच्या मानाने मोठे स्थान मिळविले होते. फिरिश्त्याच्या कथनानुसार अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी होत. म्हणूनच सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरीची मागणी केली. मोबदल्यात दुसरा मुलूख देण्याची तयारीही दाखविली. नकार मिळताच युद्ध झाले व पाथरी निजामशाहीत आली. ही कथा जशीच्या तशी स्वीकारली नाही तरी ती तत्कालीन मनाविषयी पुष्कळ सांगते. पाथरीइतक्या किंवा तिच्याहून अधिक उत्पन्नाचा मुलूख देऊ करून एक सुलतान आपल्या पूर्वजांच्या वतनाचे गाव मागतो, हे समकालीनांना अस्वाभाविक वाटले नाही. उत्पन्नाच्या एकाच मापाने सारे प्रांत तोलणाऱ्या पटावर अशा मागणीला अर्थच उरत नाही.

अठराव्या शतकात ह्या प्रदेशावरील हक्कांची गुंतागुंत पराकोटीस पोहोचली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून शाहू महाराजांच्या नावे स्वराज्याच्या, चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. औरंगाबाद, वऱ्हाड, बेदर, विजापूर, हैदराबाद व खानदेश ह्या दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या वसुलातून चौथा हिस्सा चौथाई म्हणून आणि शेकडा १० सरदेशमुखी म्हणून घेण्याचा हक्क त्यांनी मान्य झाला. हे सुभे मात्र बादशाहीतच राहिले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पाडाव करून निजामुल्मुल्क दक्षिणेचा प्रत्यक्ष सत्ताधीश झाला, तरी तोही स्वतःस बादशहाचा सुभेदार म्हणवीत राहिला. अशा रीतीने गोदाकाठच्या एखाद्या गावावर बादशहाचे नाव, निजामाचा अंमल व छत्रपतींचा हक्क ही तिन्ही एकाच वेळी नांदू लागली. मोगलाई व मराठी असे दोन अंमल एका गावी चालत, म्हणून अशा व्यवस्थेस दुअंमल ही संज्ञा रूढ झाली.

दुअंमलाचा हिशेब पाहिला म्हणजे त्याची खोली ध्यानात येते. एखाद्या गावाचा आकार १०० रुपये धरला तर चौथाईचे २५ रुपये होत. परंतु हे २५ रुपये एका हाती जात नसत. चौथाईचा चौथा भाग, म्हणजे सव्वासहा रुपये, राजबाबती म्हणून छत्रपतींचा. उरलेला तीन चतुर्थांश भाग मोकासा. त्यातून चौथाईच्या शेकडा ६ प्रमाणे साहोत्रा, म्हणजे दीड रुपया, पंत सचिवाचा. शेकडा ३ प्रमाणे नाडगौडा, म्हणजे पाऊण रुपया, छत्रपती ज्यास देतील त्याचा. आणि शेष शेकडा ६६, म्हणजे साडेसोळा रुपये, ऐन मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदाराचा. सरदेशमुखी ह्याहून निराळी; ती छत्रपतींचे वतन. ह्याशिवाय परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांचे आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे वंशपरंपरागत हक्क होतेच. हे प्रमाण कागदावरचे आहे. दुष्काळ, लूट, तोडजोड व बळजोरी ह्यांमुळे प्रत्यक्ष वसूल त्याहून पुष्कळदा वेगळा पडे. तथापि कागदावरच्या ह्या प्रमाणातच त्या काळाची सत्तेविषयीची कल्पना साठवलेली आहे. तिच्या दृष्टीने गावाचा धनी अमुक, असे एकवचनी उत्तर नसे. कोणत्या बाबीचा धनी कोण, असा प्रश्न विचारावा लागे.

५

ह्या दुअंमलातूनच १७२७–२८ ची प्रसिद्ध मोहीम उद्भवली. संगणकीय पटाची कसोटी लावण्यास तिच्याहून योग्य उदाहरण सापडणे कठीण.

१७२७ मध्ये निजामुल्मुल्काने चौथाई-सरदेशमुखीचा वसूल रोखला. त्यासाठी त्याने पुढे केलेले कारण कायदेशीर होते : छत्रपतिपदावर साताऱ्याचे शाहू व कोल्हापूरचे संभाजी असे दोघे हक्क सांगत असल्यामुळे, खरा हक्कदार ठरेपर्यंत वसूल कोणास द्यावा? प्रतिपक्षाचा प्रांत न घेता, त्याच्या हक्काच्या वैधतेवरच त्याने प्रश्नचिन्ह उभे केले. पावसाळा सरताच बाजीराव पेशवा निघाला. जालन्याकडील मुलखात त्याने धुमाकूळ घातला व तेथे ऐवजखानाशी त्याची चकमक झाली. नंतर माहूर, मंगरूळ, वाशीम असा, म्हणजे आजच्या परभणी व हिंगोली जिल्ह्यांच्या उत्तरेकडून, वळसा घेऊन तो खानदेशात व तेथून गुजरातेत उतरला. निजाम पुण्यावर गेला व संभाजीस तेथे पुढे करता झाला. बाजीरावाने पुण्याच्या रक्षणास धाव घेतली नाही. तो औरंगाबादेच्या रोखाने परतला. आपले मुख्य ठाणे संकटात आलेले पाहून निजाम त्वरेने मागे वळला, वाटेत अवजड तोफखाना मागे पडला, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापुरानजीक पालखेड येथे तो मराठी घोडदळाच्या वेढ्यात सापडला. अन्न तुटले, पाणी मिळेना. मोठी लढाई न होताच त्यास तहाची बोलणी करावी लागली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला.

ही मोहीम ‘शोगुन’च्या पद्धतीने खेळू पाहणाऱ्यास तीन ठिकाणी अडचण येते. पहिली, प्रारंभाची. येथे युद्धाचे कारण हिश्शाचे आहे, सीमेचे नाही. पटावर हिस्साच नसल्यामुळे कारणच नाहीसे होते. दुसरी, चालीची. शत्रू पुण्यात शिरलेला असताना पुणे सोडून देणे म्हणजे पटावर पुण्याचा रंग पालटू देणे होय. त्याबरोबर तेथील उत्पन्न जावयाचे, आणि खेळाडू सहसा हे धाडस करणार नाही. बाजीरावाला ते करता आले, कारण पुण्यात निजामाची छावणी पडल्याने पुण्याचे वतनदार, हक्क व निष्ठा एका रात्रीत निजामाच्या होत नव्हत्या. जागेचा ताबा आणि जागेवरील हक्क ह्यांत जो भेद होता, त्याच भेदाच्या आधारावर ही मोहीम उभी होती. तिसरी अडचण शेवटाची आहे. विजयाच्या क्षणी शत्रूचे सर्व सैन्य हाती सापडले असता पेशव्याने काय मागितले? चौथाई व सरदेशमुखीच्या हक्कांची मान्यता, थकलेला वसूल, कमाविसदारांची पुन्हा स्थापना आणि संभाजीचा पाठिंबा काढून घेणे. औरंगाबादेवर मराठी निशाण चढविण्याची मागणी त्यांत नव्हती. पटावरचा खेळाडू तहानंतर नकाशाकडे पाहील तर त्याला काहीच घडलेले दिसणार नाही. तेच प्रांत, तेच रंग. वस्तुतः दक्षिणेतील राजकारणाचा तोल त्या दिवशी पालटला होता.

कमाविसदार ह्या साध्या वाटणाऱ्या अधिकाऱ्याचे महत्त्व येथे ध्यानात घेतले पाहिजे. चौथाईची एकत्रित रोख रक्कम पोहोचती करणे आणि मराठ्यांचा अधिकारी गावोगाव बसून ती वसूल करणे, ह्यांत रकमेचा फरक नसला तरी सत्तेचा फरक मोठा होता. निजामाने हैदराबादेच्या आसपास रोख रकमेच्या मोबदल्यात मराठी अंमलदार काढून घेण्याविषयी खटपट केली होती, ती ह्याच कारणाने. दुअंमल म्हणजे नुसती वाटणी नव्हे. एकाच चावडीवर दोन सत्तांची माणसे बसणे होय. आणि त्या दोहोंच्या मागण्या ज्याने पुऱ्या करावयाच्या, तो तेथील रयत होता. एकाला दिले म्हणजे दुसऱ्याचे फिटले असे नसे. मोहिमांच्या वर्णनांत येणारे ‘मुलूख मारला’, ‘परगणा तसनस केला’ हे शब्द ह्या रयतेच्या घरावरून गेलेले असतात. पटावर तो एका अंकात सामावतो.

६

ह्या विवेचनावर काही आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, २०११ च्या आवृत्तीत पराभूत घराण्यास मांडलिक करून त्याच्या उत्पन्नाचा वाटा घेता येतो. तेव्हा हिश्शाची कल्पना खेळात आहेच. हे खरे आहे. परंतु हा वाटा दोन राजघराण्यांमधील करार असतो. मांडलिकाच्या प्रांतात धन्याचा कमाविसदार बसत नाही, आणि प्रांताचा रंग मांडलिकाचाच राहतो. शिवाय ह्याच आवृत्तीत खेळाडू पुरेसा प्रबळ झाला की इतर घराणी त्याच्यावर एकवटून उलटतात, अशी योजना आहे. तिच्यामुळे डाव रंगतो हे निश्चित. पण सत्तांचे दीर्घकालीन सहअस्तित्व ही अवस्था संभवतच नाही, असा संस्कारही ती करते. पेशवे व निजाम ह्यांनी मात्र १७२८ नंतर दोन पिढ्यांहून अधिक काळ एकमेकांशी लढत, तह करीत आणि प्रसंगी तिसऱ्याविरुद्ध एकत्र येत एकाच भूमीवर दिवस काढले.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ह्याच संस्थेने २००९ साली ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा अठराव्या शतकावरील खेळ काढला. त्यात युरोप व अमेरिकेबरोबर हिंदुस्थान हे तिसरे रणक्षेत्र असून मराठ्यांचा पक्ष खेळाडूस घेता येतो. मराठी तरुणांना त्याचे आकर्षण वाटल्यास नवल नाही. तथापि सामुराईंचा पटच येथे हिंदुस्थानावर अंथरला आहे. खेळाचा प्रारंभ १७०० मध्ये होतो आणि मराठ्यांच्या वाट्यास त्यांच्या रंगाचा मुलूख येतो. प्रत्यक्षात १७०० सालच्या मार्चमध्ये राजाराम महाराजांचा सिंहगडावर अंत झाला, आणि एप्रिलमध्ये सातारचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. नकाशाच्या दृष्टीने मराठ्यांचे राज्य त्या वर्षी जवळजवळ पुसले जावयास हवे होते. तरीही ताराबाईच्या नेतृत्वाखाली त्यांच्या फौजा मोगली सुभ्यांत खोलवर फिरत होत्या व चौथाई वसूल करीत होत्या. राजधानी गेलेली सत्ता वाढत होती, ही त्या काळातील मुख्य ऐतिहासिक घटना. ज्या पटावर मुलूख हीच सत्ता, त्या पटाला ती सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की, कोणताही खेळ वास्तवाचे सुलभीकरण करणारच. हेही मान्य. परंतु सुलभीकरणाच्याही परी असतात. जपानचेच शोगी हे बुद्धिबळ पाहावे. त्यात मारलेले मोहरे पटाबाहेर पडून राहत नाही; जिंकणारा ते आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवू शकतो. एवढ्या एका नियमाने ह्या साध्या लाकडी पटाने पक्षांतराचे राजकारण पकडले आहे. १७६३ मध्ये नागपूरकर जानोजी भोसले निजामअलीच्या छावणीत होता. ३२ लाखांच्या मुलखाचे वचन मिळताच तो पेशव्याच्या बाजूस वळला. त्यानंतर गोदावरीच्या पुराने निजामाची फौज दोन काठांवर विभागली गेली असता, १० ऑगस्ट रोजी राक्षसभुवनाच्या लढाईत दक्षिण काठावरील विठ्ठल सुंदर मारला गेला. शोगी खेळणाऱ्यास ही घटना समजावून सांगावी लागणार नाही. म्हणजे प्रश्न खेळाच्या साधेपणाचा नाही. कोणती गोष्ट साधी करावयाची आणि कोणती राखावयाची, ह्या निवडीचा आहे.

७

मग गोदाकाठी एक प्रांत एक धनी ही अवस्था आली केव्हा? ती रणांगणावर आली नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व पेशव्यांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. त्यांत निजामाच्या मुलखावरील चौथाईचाही हक्क होता. १८२२ च्या तहाने कंपनीने निजामास ह्या चौथाईच्या मागण्यांतून मुक्त केले. लेखणीच्या एका फटक्याने शंभर वर्षांचा दुअंमल कागदोपत्री संपला, आणि मानवत-पाथरीचा मुलूख नकाशात एकरंगी झाला. हिदेयोशीच्या मोजणीने जपानात जे केले, ते येथे एका परक्या व्यापारी कंपनीच्या करारनाम्याने घडले. दोन्हीकडे एकरंगी नकाशा हा दीर्घ इतिहासाचा शेवट आहे; त्याला प्रारंभ मानणे ही चूक होय.

ही चूक केवळ खेळ रचणाऱ्यांची नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. शालेय इतिहासाच्या पुस्तकांतील मराठी सत्तेच्या विस्ताराचे नकाशे पाहावेत. १७६० चा एक रंग, १७९५ चा दुसरा. रंगाच्या आत मराठे, बाहेर इतर. पाथरी परगणा ह्या रेषेच्या आत की बाहेर, ह्यावर विद्यार्थी वाद घालतात आणि त्या वादाला प्रसंगी अभिमानाचे व द्वेषाचे रूप येते. ज्या गावी दोन्ही अंमलांची माणसे एका चावडीवर बसत होती, त्या गावाविषयी ‘कोणाचे?’ हा प्रश्न एकवचनात विचारणेच अनैतिहासिक आहे. संगणकीय पटाने नकाशाकारांचीच सवय उचलली आहे. फरक एवढाच की पटावर ती अधिक आकर्षक झाली आहे. म्हणून खेळाला दोष देण्यापूर्वी अभ्यासकांनी आपले नकाशे तपासणे न्याय्य ठरेल.

ह्यातून अध्यापनासाठी एक उपयुक्त मार्ग सुचतो. हा खेळ खेळलेला विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा त्याचे ज्ञान क्षुल्लक मानू नये. त्याने सत्तेचा एक संपूर्ण सिद्धान्त अंगवळणी पाडलेला असतो. त्याच्याकडून पाथरी परगण्याचा पट मांडून घ्यावा. सैन्ये ठेवण्यापूर्वी हक्कदारांची यादी करावयास सांगावी : बादशहा, सुभेदार, जहागीरदार, छत्रपती, सचिव, मोकासदार, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी. मग प्रत्येकासमोर त्याची बाब व प्रमाण लिहावे. यादी पुरी होईतो त्याच्या ध्यानात येईल की, ह्या पटाला एक रंग पुरत नाही. आणि हेही की, यादीच्या तळाशी, हे सारे ज्याच्या खळ्यातून निघते त्या कुणब्याचे नाव अद्याप लिहावयाचे राहिले आहे.

असा पट कोणी संगणकावर उतरविला तर तो खेळावयास अवघड होईल, कदाचित रंगतदारही होणार नाही. परंतु सोळाव्या शतकातील एदोच्या आखाताकाठचे गावकरी आणि अठराव्या शतकातील गोदाकाठचे गावकरी तो पाहताक्षणीच ओळखतील. अर्धा हात इकडे, अर्धा हात तिकडे देऊन पीक घरी आणणे हाच त्यांचा डाव होता, आणि तो त्यांनी कोणत्याही सेनापतीहून अधिक काळ खेळला.